फुल-साइज स्टीलचं पिस्तूल घेण्याआधी नेमकं काय बघायचं

आमच्या ग्वाल्हेरात बंदुकीबद्दल मत नसलेला माणूस शोधून सापडणार नाही. चंबळचा भाग पडला, त्यात शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांमध्येही आजोबांपासून चालत आलेलं एखादं हत्यार लायसन्सवर असतंच, त्यामुळे कोणी पिस्तूल घेतोय म्हटलं की चार जण सल्ला द्यायला हजर. आणि सल्ला कायम एकच, जड बघून घे, जड म्हणजे अस्सल. आता वजनाचा फायदा असतो हे खरंय, पण लोखंड घातलं की वजन येणारच, त्यात कारागिरी काय? पैसे मोजायचे ते हलणारे भाग दर वेळी त्याच जागेवर परत येतात का यासाठी. बॅरल, म्हणजे नळी, परत त्याच जागी बसली पाहिजे, ट्रिगर परत त्याच ठिकाणी सुटला पाहिजे, मॅगझिनने, म्हणजे काडतुसांच्या डबीने, पुढचा राउंड (काडतूस) त्याच उंचीवर आणून दिला पाहिजे. हे तपासायला गोळी झाडावी लागत नाही, एक टॉर्च, एक छोटं चुंबक, दोनतीन डमी राउंड आणि दुकानदाराची परवानगी एवढं पुरतं.

आधी कागदाचं बोलून घेऊ, कारण नेटवर अमेरिकन व्हिडिओ बघून लोक ज्या पिस्तुलाच्या प्रेमात पडतात ते आपल्याकडे साध्या लायसन्सवर मिळतच नाही. ९ एमएम, म्हणजे ९ बाय १९ वालं, आपल्याकडे प्रोहिबिटेड बोरमध्ये, म्हणजे सर्वसाधारण माणसाला बंदी असलेल्या नळीच्या मापात येतं. ब्राउनिंग हाय-पॉवर हे १९३५ चं गाजलेलं स्टीलचं पिस्तूल, जॉन ब्राउनिंगने सुरू केलेलं आणि १९२६ मध्ये तो वारल्यावर बेल्जियमच्या एफएन कंपनीत द्यूदोने सेव्हने पूर्ण केलेलं, त्याचीच कॉपी आपल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए नावाने बनते, पण ती फौजेसाठी आणि पोलिसांसाठी. सर्वसाधारण लायसन्सवाल्याच्या वाट्याला मुख्यतः .३२ (नळीचं माप, इंचात) येतं. त्यात सरकारी फॅक्टरीचं 'अशनी' आहे, २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या तेव्हापासून हे काम कानपूरच्या एडब्ल्यूईआयएल या सरकारी कंपनीकडे आहे, आणि २०१६ च्या आर्म्स रूल्सनंतर प्राइव्हेट कंपन्याही उतरल्यात. बाहेरून मागवायचं तर नामांकित नेमबाजांनाच सूट आहे, बाकीच्यांसाठी इंपोर्ट १९८० च्या दशकातच बंद झालं. म्हणून बाजारात जी विलायती पिस्तुलं फिरतात ती बहुतेक त्याच्या आधीची, तीनचार हात बदललेली असतात, आणि या लेखाचा खरा उपयोग तिथेच आहे.

बाकी नियम थोडक्यात. वय २१ पूर्ण, १९५९ च्या आर्म्स अॅक्टखाली लायसन्स, अर्जदाराला सेफ्टीचं ट्रेनिंग. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं, आधी तीन चालायची, त्यामुळे दोनातली एक जागा कशाला द्यायची हा विचार आता जास्त महत्त्वाचा झालाय. घरातलंच हत्यार असेल तर मालक वारल्यावर, किंवा तो ७० वर्षांचा झाला किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली यातलं जे आधी होईल त्यावर, वारसाच्या नावाने करता येतं, अर्थात वारसालाही लायसन्स मिळालं तरच. आणि कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, हा विषय इथे नाहीच. तो बेकायदा आहे आणि कधी स्वतःच्याच हातात फुटेल सांगता येत नाही.

आता पिस्तूल हातात आलं. पहिली गोष्ट, नळी कोणाकडेही नाही, बोट ट्रिगरवर नाही, आणि आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढायची, मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीत राउंड बसतो त्या जागेत, डोळ्याने बघायचं आणि करंगळीने चाचपायचं. हा क्रम उलटा केला, म्हणजे स्लाइड आधी ओढली आणि मॅगझिन नंतर काढलं, तर चेंबरमधला राउंड बाहेर पडतो पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधून दुसरा आत ढकलते, आणि मग माणूस मॅगझिन काढून 'रिकामं आहे' म्हणतो. दुकानदार 'खाली है भैया' म्हणाला तरी स्वतः बघायचं, चांगल्या दुकानदाराला त्याचा राग येत नाही.

वजनाकडे येऊ. अमेरिकन सैन्याने १९११ साली घेतलेलं .४५ चं कोल्ट, ज्याला सगळे नुसतं 'नाइंटीन इलेव्हन' म्हणतात, ते रिकामं साधारण १.१ किलो. चेक बनावटीचं सीझेड ७५ साधारण १ किलो. आणि १९८० च्या दशकात आलेलं प्लॅस्टिक फ्रेमचं (फ्रेम म्हणजे खालचा सांगाडा) ग्लॉक १७ रिकामं सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. गोळी तीच, बारूद तीच, तर मागे येणारा एकूण धक्का तोच असतो पण तो जड वस्तूला हळू ढकलतो. ७०० ग्रॅमच्या जागी १०५० ग्रॅमचं पिस्तूल असेल तर ते हातात एक तृतीयांश कमी वेगाने मागे येतं, नळी कमी उडते, दुसरा शॉट लवकर लागतो. म्हणून रेंजवर स्टील आवडतं. पण हे गणित .४५ किंवा ९ एमएमला लागू पडतं तसं .३२ ला पडत नाही. .३२ ची गोळी साधारण ४.६ ग्रॅमची, .४५ ची जवळपास १५ ग्रॅमची, .३२ चा धक्का .४५ च्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भरतो. म्हणजे .३२ मध्ये किलोभराचं धूड घेतलं तर मारायला लोण्यासारखं लागेल पण ते वजन मुख्यतः कमरेवर वाहायलाच घेतल्यासारखं होईल. ज्याला रेंजवर मारायचंय त्याने खुशाल घ्यावं, ज्याला रात्री दुकान बंद करून गल्ला घेऊन घरी जाताना बाळगायचंय त्याने मे महिन्यातल्या ग्वाल्हेरात पातळ शर्टाखाली किलोभर स्टील लावून एक आठवडा काढायचं डोळ्यासमोर आणावं.

तसंच स्टील म्हणून विकलेलं प्रत्येक पिस्तूल स्टीलचं असतंच असं नाही. बेरेटा ९२ सारख्या भारी पिस्तुलाचीही फ्रेम अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहे, स्लाइड तेवढी स्टीलची. त्यात वाईट काही नाही, पण स्टीलचे पैसे देत असाल तर खिशातलं चुंबक फ्रेमला लावून बघा, ट्रिगर गार्डला लावा, चिकटलं नाही तर प्रश्न विचारा.

आता खरा मुद्दा, बॅरल. मोठ्या बोरच्या पिस्तुलात गोळी सुटताना प्रेशर इतकं असतं की स्लाइड लगेच उघडली तर केस, म्हणजे काडतुसाचं कवच, फाटेल, म्हणून ब्राउनिंगने बॅरल आणि स्लाइड एकमेकांत अडकवून ठेवली. गोळी सुटली की दोन्ही मिळून काही मिलिमीटर मागे येतात, तोवर गोळी नळीबाहेर गेलेली असते, प्रेशर पडलेलं असतं, मग बॅरलचं मागचं टोक खाली झुकतं, अडक सुटते, स्लाइड एकटी मागे जाते, जाताना रिकामी केस ओढून बाहेर फेकते, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवा राउंड घेऊन बॅरलला परत वर उचलून अडकवते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. नाइंटीन इलेव्हनमध्ये बॅरल खाली ओढायला एक छोटी लिंक असते, हाय-पॉवर आणि सीझेडमध्ये बॅरलच्या बुडालाच तिरकस खाच असते. .३२ ची बहुतेक पिस्तुलं मात्र साधी ब्लोबॅक असतात, अडकवायची भानगडच नाही, बॅरल फ्रेमला पक्की आणि नुसत्या स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगवर काम चालतं.

हे कळलं की तपासायचं काय ते आपोआप कळतं. नेम धरायची साइट स्लाइडवर असते आणि गोळी बॅरलमधून जाते, म्हणजे स्लाइड आणि बॅरल यांचं आपसातलं नातं दर वेळी सारखं राहिलं तरच नेम खरा. झुकणाऱ्या बॅरलच्या पिस्तुलात स्लाइड पूर्ण बंद करा, वरच्या खिडकीतून बॅरलचा जो भाग दिसतो त्याच्यावर अंगठ्याने खाली दाबा. दबून परत वर आला, स्प्रिंगसारखा, तर लॉकअप, म्हणजे बॅरल-स्लाइडची अडक, ढिलं आहे. मग तोंडाकडचं टोक धरून हळूच चहूकडे हलवा. स्लाइड फ्रेमवर थोडी खडखडली तर घाबरू नका, फौजेची पिस्तुलं तशी मुद्दाम सैल ठेवतात, धूळ गेली तरी चालावीत म्हणून, पण बॅरल स्लाइडच्या आत हलायला नको. ब्लोबॅकमध्ये उलटं, तिथे बॅरल फ्रेमला पक्की असते म्हणून स्लाइड आणि फ्रेममधला खेळच नेम बिघडवतो. एकाच 'खडखडत नाही ना' या परीक्षेने सगळी पिस्तुलं तपासणारे लोक इथे फसतात.

सीझेडबद्दल एक, त्याची स्लाइड फ्रेमच्या आतून धावते, बाहेरून नाही, त्यामुळे पकडायला स्लाइड थोडीच उरते. घामट हाताने ओढून बघा.

नळीच्या आत बघायचं तर स्लाइड मागे अडकवून पाठीमागून टॉर्च टाका किंवा पांढरा कागद धरा. पेचदार खाचांच्या कडा धारदार दिसायला पाहिजेत. नळीत गोल काळी सावलीसारखी कडी दिसली तर तिथे नळी फुगलीय, कधीतरी एक गोळी अडकली असताना मागून दुसरी मारलीय, ते पिस्तूल सोडून द्या. बारीक खड्डे असतील तर जुन्या काडतुसांची करामत, त्यांच्या प्राइमरचे (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीचे) क्षार नळीत राहून गंज धरतात. थोडे खड्डे असूनही नेम ठीक लागतो, पण भाव पाडायला ते चांगलं कारण आहे. आपल्याकडे अजून एक भानगड, निवडणूक आली की हत्यारं पोलिस ठाण्यात नाहीतर डीलरकडे जमा होतात आणि पावसाळा मधे पडला तर कपड्यात गुंडाळलेलं पिस्तूल तिथेच ओल धरून बसतं. म्हणून लाकडी ग्रिप काढायची परवानगी मागा. वरून आरशासारखं चमकणारं पिस्तूल ग्रिपखाली लालबुंद निघालेलं मी बघितलंय.

त्याच चमकीवरून, आतेभावासाठी एक जुनं विलायती .३२ बघायला गेलो होतो, दुकान कुठलं ते जाऊ दे. निळी-काळी पॉलिश अशी की तोंड दिसावं, आतेभाऊ तर पाकीट काढायच्या बेतात. मी ते ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं. स्लाइडवरच्या कंपनीच्या नावाची अक्षरं कडांना वितळल्यासारखी गोल, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट, सपाट बाजूवर हलक्या लाटा. म्हणजे कोणीतरी बफिंगच्या चाकावर दाबून घासलंय आणि वरून नवं ब्लूइंग, म्हणजे तो निळा-काळा थर, दिलंय. घासलं का, तर खड्डे होते म्हणून. मग नंबर बघितले तर स्लाइडचा एक आणि फ्रेमचा दुसरा. दुकानदार म्हणाला साहेब चालतं मस्त. चालत असेलही, पण लायसन्सवर एक नंबर चढणार, हत्यारावर दोन दिसणार, आणि पुढच्या रिन्युअलला बाबूसमोर त्याचं उत्तर आतेभावाने द्यायचं. नंबर जुळले पाहिजेत, डीलरच्या रजिस्टरशी, विकणाऱ्याच्या लायसन्सशी आणि हत्यारावर आपसात. नंबर खोडलेला किंवा परत ठोकलेला दिसला तर भाव करत बसू नका, तो सरळ गुन्हा आहे, खाली ठेवा आणि निघा. जुनं ब्लूइंग कोपऱ्यांवर उडून पांढरं स्टील दिसत असेल तर मला उलट बरं वाटतं, ते होल्स्टरमध्ये राहून झिजलंय, लपवायला काही नाही.

ट्रिगरकडे लोक 'हलका आहे का' एवढंच बघतात. आधी परवानगी घ्या, डमी राउंड टाका, जुन्या पिस्तुलाची फायरिंग पिन रिकामं मारून तुटू शकते. आता हळू दाबा. सुरुवातीला थोडं मोकळं अंतर जातं, मग एक भिंत लागते, मग सुटतो. त्या भिंतीनंतर सुटेपर्यंत ट्रिगर खरडत, अडकत सरकत असेल तर ते नको, काच तुटल्यासारखा एकदम सुटला पाहिजे. सोडताना कुठे परत 'टक्' होऊन बसतो तेही बघा. हाय-पॉवरमध्ये मॅगझिन काढलं की ट्रिगर सुटतच नाही, तशी सेफ्टी असते त्यात, बिघाड समजू नका. स्पर्धेत २५ मीटरच्या सेंटरफायरला ट्रिगर कमीत कमी १००० ग्रॅमचा लागतो, फौजी पिस्तुलाचा सहज त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. म्हणून जुनं फौजी पिस्तूल फुंकर मारल्यासारखं सुटत असेल तर खूश होऊ नका, कोणा उस्तादाने आतला सिअर, म्हणजे हॅमर अडकवून धरणारा भाग, घासून ठेवलाय, आणि असं पिस्तूल पडलं किंवा स्लाइड जोरात आपटली तर स्वतःच सुटू शकतं.

म्हणून पुढच्या चार गोष्टी करायच्याच, पिस्तूल पुन्हा रिकामं करून. हॅमर, म्हणजे मागची हातोडी, चढवा आणि मागून अंगठ्याने पुढे ढकला, पडता कामा नये. हॅमर चढवून सेफ्टी लावा, ट्रिगर चांगला जोरात दाबा, सोडा, मग सेफ्टी काढा, काढताना हॅमर पडला किंवा हलका 'टिक्' आवाज आला तर सेफ्टी आतून पूर्ण पकडत नाहीये. नाइंटीन इलेव्हनसारखी मागच्या बाजूला ग्रिप सेफ्टी असेल तर ती न दाबता ट्रिगर दाबा, काहीच व्हायला नको. आणि शेवटचं, स्लाइड अगदी थोडी, तीनचार मिलिमीटर मागे धरून ट्रिगर दाबा, हॅमर पडला नाही पाहिजे, कारण अर्धवट बंद असताना गोळी सुटणं म्हणजे केस तोंडासमोर फुटणं. यातलं एकही नापास झालं तर 'गनस्मिथकडून करून देतो' ऐकून पैसे देऊ नका, करून आणा मग परत बघू म्हणा.

मॅगझिन. याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही आणि ऑटो पिस्तुलाचं निम्मं दुखणं इथेच असतं. वरच्या दोन ओठांसारख्या पत्र्यांमध्ये राउंड धरलेला असतो, ते ओठ एकदा पडून वाकले की राउंड कधी उंच कधी खाली येतो आणि नाक ठेचून अडकतो. ओठांना चीर आहे का नखाने बघा, स्प्रिंग मेलीय का ते खालची पट्टी दाबून बघा, बटण दाबल्यावर मॅगझिन सरळ खाली येतं का ओढावं लागतं. आणि सगळ्यात आधी विचारा, दुसरं मॅगझिन मिळेल का? जुन्या विलायती पिस्तुलाचं ओरिजिनल मॅगझिन आज आपल्याकडे शोधणं म्हणजे कठीण काम, लोकल वर्कशॉपमध्ये ठोकून बनवलेलं चालेलच असं नाही. एकच मॅगझिन आणि तेही वाकलेलं असेल तर मी निम्मा भाव देईन, जास्त नाही. .३२ वाल्यांसाठी आणखी एक, हा राउंड ब्राउनिंगचाच, १८९९ चा, आणि याच्या बुडाला बारीकशी कडा बाहेर असते. वरच्या राउंडची कडा खालच्याच्या मागे गेली तर दोघं एकमेकांत फसतात आणि मॅगझिन जाम. स्लाइड कितीही ओढा सुटत नाही, मॅगझिन काढूनच सोडवावं लागतं. भरताना प्रत्येक राउंडची कडा खालच्याच्या पुढे राहील असं भरायचं.

हातात बसतं का हे शेवटी बघायचं, आधी बघितलं की माणूस तिथेच भुलतो. डोळे मिटून पिस्तूल सुरक्षित दिशेला, भिंतीकडे उचला, डोळे उघडा, पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप आली असेल तर हात आणि ग्रिप जुळलं. बोटाची पहिली पेरी ट्रिगरवर पोचते का बघा, दोन रांगांच्या मॅगझिनची ग्रिप जाड असते, छोट्या हाताला डबल अॅक्शनचा, म्हणजे हॅमरही स्वतःच चढवणारा, लांब ट्रिगर ओढताना पूर्ण पिस्तूल वळतं. अंगठा आणि तर्जनीमधलं मांस हॅमरखाली येतंय का तेही बघा, हाय-पॉवर त्यासाठी बदनाम आहे.

मारून बघायची सोय असेल, एखाद्या क्लबच्या रेंजवर डीलरच्या आणि लायसन्सच्या नियमात राहून, तर नक्की मारा. पण लायसन्सवरचा काडतुसांचा कोटा त्यात उडवू नका, तीन मॅगझिन पुरतात. टार्गेटपेक्षा जमिनीवर पडलेल्या केस उचलून बघा, बुडाशी फुगल्यात का, प्राइमरवरचा ठोका मधोमध आहे का, सगळ्या साधारण एकाच बाजूला पडल्यात का. एक पायाशी, एक डोक्यावरून, असं होत असेल तर एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे केस ओढणारा आकडा, किंवा स्प्रिंग थकलीय. रिकॉइल स्प्रिंग बदलता येते, एक्स्ट्रॅक्टरही जमतो, नवीन बॅरल मिळणार नाही. कुठल्या खोटीवर घासाघीस करायची आणि कुठल्या खोटीवर उठून जायचं ते यावरून ठरवा.

घेतलंच, तर लायसन्सवर मुदतीत चढवून घ्या आणि घरी कुलुपात, काडतुसं वेगळी, असं ठेवा. दुकानदार सोबत चामड्याचं छान होल्स्टर देईल, ते फक्त लावायला. पिस्तूल त्यात ठेवून कपाट बंद करू नका, चामडं ओल धरतं आणि दोन पावसाळ्यांत स्टीलवर बरोबर होल्स्टरच्या शिलाईचा ठसा गंजाने उमटतो.